कोणी कोणाला फिरवलं?

पत्र थोडक्यात सांगते, नावं आणि गल्ली काढून. लिहिणारा मुलगा 28 वर्षांचा, मूळचा परभणीकडचा, सव्वा वर्षापासून ठाण्यात, नौपाड्यात एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ऑफिस ऐरोलीला. समोरच्या दारात 71 वर्षांच्या काकू एकट्या राहतात, पालिकेच्या शाळेतून बाई म्हणून रिटायर झालेल्या. मे महिन्यात लागोपाठ तीन रात्री लाईट गेली. पहिल्या रात्री हा जिन्यात मोबाईलच्या उजेडात लॅपटॉप घेऊन बसला होता, बॅटरी अकरा टक्के. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "अंधारात काय बसलायस, चल तलावपाळीला, तिथे वारं असेल." तिथून सुरुवात झाली. दुसऱ्या रात्री स्टेशनची बाजू, तिसऱ्या रात्री रिक्षा करून जेलच्या भिंतीवरून कळव्याच्या खाडीपर्यंत. त्या रात्री परत यायला पावणेबारा झाले आणि खाली चेअरमन टॉर्च घेऊन उभे. काकूंची मुलगी बंगळुरूहून फोन लावत होती, काकूंचा फोन बंद, मग तिने चेअरमनना उठवलं होतं. मुलीने दुसऱ्या दिवशी याला फोन करून चांगलं सुनावलं: "आईला रात्रीबेरात्री कुठे भटकवता? दोन वर्षांपूर्वी पडली होती ती, माहितीये का?" चेअरमन म्हणाले भाडेकरूने भाडेकरूसारखं राहावं. आणि काकू? त्या हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिला सांगायचंच नाही, लाईट गेली की आपण जाऊ." आता लाईट नीट आहे, काकूंचं दार बंद असतं, याला जिन्यात त्यांच्यासमोर यायला अवघड वाटतं. प्रश्न असा की मी चुकलो का, मुलीला सॉरी म्हणून लांब राहू का, की काकू म्हणतात तसं करू.

---

हे बघ, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, चालवून घे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले, कारण एक वाक्य तू चार वेळा लिहिलंयस, "मी काकूंना घेऊन गेलो". आता तूच सांगितलेल्या गोष्टी बघ. चल कोण म्हणालं? काकू. तलावपाळी कुठल्या दिशेला ते सव्वा वर्ष ठाण्यात राहून तुला माहीत नव्हतं, तुझं ठाणं म्हणजे रूम, गोखले रोड आणि नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म, हे तूच लिहिलंयस. तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कुठे बसलं की वारा लागतो ते काकूंना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या चर्चकडे बोट दाखवून हे मूळचं पोर्तुगीजांच्या काळातलं, हे त्यांनी सांगितलं. मामलेदारच्या मिसळीत तुला मिडियम घ्यायला त्यांनी लावलं आणि स्वतः तिखट मागवली, आणि तुझ्या नाकाडोळ्यातून पाणी आलं तेव्हा ताक त्यांनी सांगितलं. खाडीवर तू म्हणालास निघू या आणि त्या म्हणाल्या अजून दहा मिनिटं. मग घेऊन कोण गेलं कोणाला?

हे मी तुला सुटका मिळावी म्हणून सांगत नाहीये. मुलीनेही तेच धरलंय, चेअरमननीही तेच धरलंय, आणि तूही तेच, की म्हातारं माणूस म्हणजे कोणीतरी उचलून इकडून तिकडे ठेवायचं सामान. चाळीस मुलांचा वर्ग पस्तीस वर्षं सांभाळलेली बाई आहे ती, सहलीला मुलं मोजून नेलेली आणि मोजून आणलेली. तिच्या फिरण्याबद्दल तिघं जण भांडताय आणि तिला कोणी विचारलेलंच नाहीये.

पण चुकलास का, तर हो, एका बाबतीत चुकलास आणि ते सरळ मान्य कर. फोन. लाईट संध्याकाळपासून नव्हती, काकूंचा फोन चार्ज नसणार हे समजायला हवं होतं, आणि तू आणि काकू कुठे आहात हे जगात एकाही माणसाला माहीत नव्हतं. त्या मुलीच्या जागी बसून बघ जरा. तिला कुठून तरी कळलंय की ठाण्यात आईच्या भागात परत लाईट गेली. आई एकटी, वरचा मजला, काळोखा जिना, दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडून मनगटाला प्लास्टर लागलेलं आणि तेव्हा मिळेल त्या फ्लाईटने ती आलेली. पावणेदहाला फोन लावला, बंद. दहाला बंद. साडेदहाला बंद. त्या दोन तासांत तिने मनात काय काय बघितलं असेल. तिचा राग खाडीवर नाहीये आणि मिसळीवरही नाहीये, त्या दोन तासांचा आहे, फक्त तो राग काढायला तुझा नंबर मिळाला. म्हणून तू "सॉरी" म्हणायचं असेल तर नेमकं त्याचंच म्हण, सगळ्याचं नको. सगळ्याचं सॉरी म्हटलंस की तूही मान्य केलंस की बाहेर पडणं हाच गुन्हा होता.

आता तुझ्यापुढचे रस्ते.

लांब राहणं. सोपं आहे, चार दिवसांत सवय होईल, मुंबई-ठाण्यात समोरच्या दारातल्या माणसाचं आडनाव माहीत नसणारे लाखो लोक सुखाने जगतायत. पण मग पुढची लाईट जाईल तेव्हा काय? जाणारच आहे रे. तू लिहिलंयस की समोरच्या गल्लीत लखलखाट आणि आमच्याकडे अंधार, हे मुद्दाम करतात का. मुद्दाम नाही, गल्ल्या वेगवेगळ्या फीडरवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वेगवेगळ्या लाइनवर असतात. उन्हाळ्यात रात्री आठ-नऊपासून घरोघरी एसी सुरू होतात ते उत्तररात्रीपर्यंत, जमिनीखालची केबल दिवसभर तापलेल्या मातीत असते आणि रात्री जी गार व्हायची तीही होत नाही, मग केबलचा जुना कुठला तरी जॉइंट, म्हणजे जोड, जातो. फॉल्ट नेमका कुठे हे शोधायलाच वेळ लागतो, मग खणायचं, जोडायचं, आणि एक जॉइंट केला की दुसऱ्या रात्री पुढचा कमजोर जॉइंट उडतो. म्हणून एकदा गेली की दोन-तीन रात्री जाते बऱ्याचदा. आणि वॉचमन जे सांगतो ना, अर्ध्या तासात येईल, ते वॉचमनला कोणीच सांगितलेलं नसतं. वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक घे, बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेव, निदान खरं उत्तर मिळायची शक्यता.

तर लाईट जाणार, आणि तेव्हा काकू वर एकट्या, तू समोर दार लावून बसलेला. सगळ्यात वरचा मजला म्हणजे दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात आग ओकतो. तुमच्या परभणीला पारा खूप चढतो पण ती कोरडी धग, गच्चीवर पाणी मारलं की झोप लागते. इथे पारा कमी दिसतो पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. त्यात पंखा बंद. वय झालं की तहानही नीट कळत नाही, बीपीच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी जातं. त्यामुळे मुलीला वाटतंय की घरी बसली असती तर आई सुरक्षित होती, त्यावर माझं म्हणणं असं की मे महिन्यात लाईट नसताना त्या घरात तीन तास बंद बसणं हे तलावाच्या कट्ट्यावर बसण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. हे तिला सांगायला हरकत नाही, पण पहिल्या फोनमध्ये नको, पहिल्या फोनमध्ये शहाणपणा केलास तर ती फोन ठेवेल.

दुसरा रस्ता काकूंचा, तिला सांगायचंच नाही. मला हसू आलं वाचून, सोळाव्या वर्षी आम्ही आयांना जे सांगायचो तेच आता आया मुलींपासून लपवतायत. काकूंचा वैताग मला कळतो. पण तू यात पडू नकोस. त्या आई-लेकी आहेत, भांडतील आणि परत एक होतील, तू बाहेरचा आहेस, त्यात भाडेकरू, त्यात बॅचलर. उद्या खरंच पाय मुरगळला तर "लपवून नेत होता" हे एवढं एकच वाक्य सोसायटीत उरेल. काकूंना हे असंच सांग, की काकू मला तुमच्याबरोबर यायला आवडतं, पण चोरून नाही येणार.

म्हणजे आधी काकूंकडे जायचं. मुलीला फोन त्याच्यानंतर. जिन्यात अवघडून "कशा आहात" असं नको, बेल वाजव, आत जा, बस. आणि विचार त्यांना, की तुम्हाला परत यायचंय का, आणि मुलीशी मी बोललेलं चालेल का. कदाचित त्या म्हणतील मीच बोलते, तर उत्तमच. कदाचित म्हणतील नको बाबा, झालं तेवढं पुरे, माझा गुडघा दुखतोय. तेही उत्तर आहे, त्याला मान दे आणि तरी अधूनमधून बेल वाजव.

मुलीला काय लिहायचं असा प्रश्न तुला पडणार, तुमच्या पिढीला फोन करायला भीती वाटते, म्हणून मेसेजच देते तयार:

"ताई, परवा दोन तास तुमचा जीव टांगणीला लागला, त्याबद्दल खरंच सॉरी. काकूंचा फोन बंद होता आणि मी तुम्हाला कळवायला हवं होतं. माझा नंबर हा. यापुढे लाईट गेली की मी त्यांच्याकडे डोकावून तुम्हाला मेसेज करीन. बाहेर जायचं की नाही ते काकू ठरवतील, गेलो तर कुठे आणि कधी परत तेही कळवीन. त्यांची औषधं आणि डॉक्टरांचा नंबर पाठवून ठेवाल का?"

शेवटची ओळ गाळू नकोस. लांब राहणाऱ्या मुलांना काहीतरी करायला दिलं की त्यांचा राग निम्मा होतो, माझा स्वतःचा भाऊ कॅनडात असतो म्हणून सांगतेय, आईच्या फ्रिजमध्ये काय आहे हे तिथून विचारतो आणि ते त्याला कळलं की शांत होतो.

जाताना काय काय करायचं ते, तुझ्यासारखे बरेच असतील म्हणून, एकदम सांगून टाकते. पॉवर बँक संध्याकाळी सातच्या आत चार्ज, आणि ती काकूंच्या फोनसाठी, तुझ्या रीलसाठी नाही. जिना हा खरा शत्रू, उतरताना तर आहेच, पण परत येतानाही, दमलेल्या गुडघ्यांनी आणि काळोखात. टॉर्च काकूंच्या हातात नको, तुझ्या, म्हणजे त्यांचा एक हात कठड्याला मोकळा, आणि तू चढताना मागे, उतरताना एक पायरी पुढे. मधल्या मजल्यावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेव, कोणी हलवणार नाही, हलवली तर परत ठेव. पाण्याची बाटली, त्यात चिमूटभर मीठ-साखर, पन्हं असेल तर काय विचारता. पट्ट्याची चप्पल घालायला लाव, अंगठ्याची नको. जाताना सव्वानऊ आणि परत साडेदहा असं आधीच ठरवायचं, अजून दहा मिनिटं म्हणाल्या तर रिक्षा बोलावायची आणि रिक्षात बसून बोलायचं. आणि गॅस, मुख्य स्विच बघून निघायचं. लाईट गेली तेव्हा इस्त्री चालू होती आणि तशीच घराबाहेर पडले, हे माझ्या स्वतःच्या घरात झालंय, परत आले तेव्हा लाईट आलेली आणि ओढणीचा वास जिन्यापर्यंत.

ज्यांच्या शेजारी इन्सुलिन घेणारं कोणी आहे त्यांच्यासाठी एवढंच की फ्रिजचं दार उघडझाप करू नका, बंद राहिला तर चारेक तास आतला गारवा टिकतो. त्यापेक्षा जास्त वेळ गेला तर इन्सुलिन प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, आणि फ्रिजबाहेर किती दिवस चालतं ते डॉक्टरांना आधीच, लाईट असताना, विचारून ठेवा. लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहता तर सोसायटीला विचारा की लाईट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का मध्येच लटकते, ते यंत्र बसवलेलं आहे का आणि त्याची बॅटरी जिवंत आहे का. बॅटरीचा प्रश्न लोक कधी विचारत नाहीत.

आता पत्राच्या अगदी तळाशी तू एक ओळ टाकलीयस, "तसंही माझं ॲग्रीमेंट जूनमध्ये रिन्यू आहे". मला वाटतं ही ओळ वरती यायला हवी होती. घाबरला आहेस तू, आणि घाबरणं चूक नाही, चेअरमनचा एक फोन मालकाला गेला तर काय होतं ते ठाण्यात भाड्याने राहिलेल्या कोणालाही विचार. पण भीतीला पश्चात्तापाचे कपडे घालू नकोस. मालकाला तूच आधी फोन कर, झालेली गोष्ट दोन वाक्यांत सांग. चेअरमनशी वाद नको. त्यांना उलट कामाला लाव, म्हण साहेब, लाईट गेली की बिल्डिंगमध्ये एकटे राहणारे कोण कोण आहेत त्यांची दारं कोणीतरी वाजवली पाहिजेत, वरच्या मजल्याची मी वाजवतो. टॉर्च घेऊन खाली उभा राहणारा माणूस वाईट नसतो, त्याला पदाचं काहीतरी करायचं असतं.

12 ऑक्टोबर 2020 आठवतो मला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडचीच लाईट सकाळी दहाच्या सुमाराला गेली होती, करोनाचे दिवस, लोकल मध्येच उभ्या, सगळे घरून काम करणारे. आमच्या बिल्डिंगमध्ये सात महिन्यांत पहिल्यांदा सगळी माणसं जिन्यात दिसली, मास्क लावून, प्रत्येक जण आपापल्या पायरीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना बाळ झालेलं मला त्या दिवशी कळलं, चार महिन्यांचं होतं तोवर. लाईट आली तशी सगळे आत गेले, दारं लागली. मी पण गेले. बाळाला बघायला जायचं ठरवलं होतं ते जायला पुढे दिवाळी उजाडली, अजून मनाला लागून आहे.

म्हणून लाईट जायची वाट बघू नकोस. हा तुझा आणखी एक गैरसमज, की अंधार होता म्हणून ते जमलं, आता उजेडात कुठल्या तोंडाने विचारू. उजेडात तर सोपं आहे. रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. कचराळी तलावाला जा, चालायचा ट्रॅक आहे, बसायला बाकं आहेत, घरापासून लांब नाही. काकूंचा गुडघा बरा असेल तर रिक्षाने उपवन तलावाला. मराठी ग्रंथसंग्रहालयाची त्या जुन्या मेंबर आहेत असं तू लिहिलंयस, 1893 सालची संस्था आहे ती, त्यांच्याबरोबर जाऊन तूही मेंबर हो, पुस्तक बदलायला दर पंधरा दिवसांनी कोणीतरी बरोबर लागतंच. आणि दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, चेअरमनना गुड मॉर्निंग करत गेलात की कुजबुज करायला काही उरत नाही.

दुसऱ्या रात्रीचं तुझं वर्णन मला फार आवडलं, स्टेशनच्या बाहेर उभं राहून काकूंनी 16 एप्रिल 1853 चा, भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचा धडा घेतला तो. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी, साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, 34 किलोमीटर, आणि तू रोज त्याच स्टेशनवर धक्के खातोस. त्यांनी तुला विचारलं की सांग, किती वेळ लागला, आणि तू म्हणालास तीन तास. 57 मिनिटं. आजची स्लो लोकल जरा रखडली की तेवढाच घेते.

ता.क. तू विचारलंयस की जेलच्या भिंतीशी काकूंनी सांगितलेली त्रिंबकजीची गोष्ट खरी का बनवलेली. खरी आहे. ते जेल म्हणजे ठाण्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, नंतर इंग्रजांकडे गेलेला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी इथे कोंडले होते, आणि 1816 च्या सप्टेंबरात, पावसाळी अंधाऱ्या रात्री ते निसटले. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याची मालिश करता करता मराठीत गाणं म्हणायचा, त्या गाण्यातच पळून जायचा सगळा बेत असायचा, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना एक शब्द कळायचा नाही, असं सांगतात. गाण्यात नेमकं काय होतं ते मला नको विचारूस, बेल वाजवून काकूंना विचार, त्यांनी वर्गात ते म्हणून दाखवलं असणार.